चौघांसाठी एक नाणं : अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

अमेरिकेतल्या सर्व मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि इथे मतदानाचा हक्क असलेले माझे मराठी बंधुभगिनी यांस,

सप्रेम नमस्कार आणि जय भीम.

जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरच्या पाथ स्टेशनातून बाहेर पडलं की चौकात एका खेळाडूचा कांस्य पुतळा दिसतो. तिथून थोडं चाललं की इंडिया स्क्वेअर. मेथीची जुडी, कांदापोह्यांचे जाड पोहे, गणपतीत केवड्याचं अत्तर, सगळं तिथे मिळतं. आपल्यापैकी किती जण दोन्ही हातांत पिशव्या घेऊन त्या पुतळ्याजवळून गेले असतील! मीही कित्येक वर्षं तशीच गेले. एका शनिवारी माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने हात ओढून विचारलं, "आई, हा कोण?" मला सांगता आलं नाही. लाज वाटली. घरी येऊन वाचायला बसले, आणि ते वाचन अजून संपलेलं नाही. आजचं पत्र त्यातूनच निघालं आहे.

तो पुतळा जॅकी रॉबिन्सनचा. १५ एप्रिल १९४७ ला तो ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि मेजर लीग बेसबॉलमधली वर्णभेदाची भिंत पडली, एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण त्याच्या आदल्या वर्षी, १८ एप्रिल १९४६ ला, तो पहिल्यांदा व्यावसायिक बेसबॉलमध्ये गोऱ्यांच्या संघातून खेळला तो आपल्या जर्सी सिटीत. मॉन्ट्रिअल रॉयल्स या त्याच्या संघाचा सामना रूझवेल्ट स्टेडियमवर होता. पाच वेळा फलंदाजीला आला, चार हिट मारले, त्यातला एक होमरन. होमरन मारून तो घरच्या प्लेटवर आला तेव्हा जॉर्ज शूबा नावाच्या गोऱ्या सहकाऱ्याने पुढे होऊन त्याचा हात हातात घेतला. त्या हस्तांदोलनाचा फोटो आजही छापला जातो. मॉन्ट्रिअलने सामना १४-१ ने जिंकला. ते स्टेडियम पुढे पाडलं, आता तिथे घरं आहेत.

या गोष्टीला यंदा ८० वर्षं झाली. पण हे पत्र रॉबिन्सनसाठी नाही. त्याच १९४६ साली अमेरिकन फुटबॉलमध्येही हीच भिंत पाडणाऱ्या चार खेळाडूंसाठी आहे. केनी वॉशिंग्टन, वुडी स्ट्रोड, मॅरियन मोटली आणि बिल विलिस. त्यांच्या नावाने अमेरिकेच्या टांकसाळीने स्मारक नाणं पाडावं, त्यासाठी काँग्रेसने कायदा करावा, आणि त्या कायद्यासाठी आपण मराठी माणसांनी आपापल्या लोकप्रतिनिधींना फोन करावा, ही माझी विनंती आहे.

नाणंच का, हे आधी सांगते.

माझे वडील, अण्णा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त सरकारने १९९० साली एक रुपयाचं नाणं काढलं, त्यावर बाबासाहेबांचा चेहरा. ते नाणं चलनात आलं. एका संध्याकाळी अण्णांना चहाच्या टपरीवर सुट्ट्या पैशांत ते मिळालं. चहा तसाच ठेवून ते घरी आले. आईने त्यावर हळद-कुंकू वाहिलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "पूजा नको करू. हातात घे. बघ, सरकारने पाडलंय." ते वाक्य मला अजून ऐकू येतं. त्या दिवसापासून अण्णा वाण्याकडे, कंडक्टरकडे, भाजीवालीकडे सुट्टे परत घेताना प्रत्येक रुपया उलटून बघायचे. सापडेल तो बाजूला. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असे सत्तावीस रुपये जमले होते. त्यातला एक मी इथे येताना घेऊन आले.

पुतळा उभारायला जागा लागते, परवानगी लागते, आणि मग त्याच्याभोवती जाळी लावावी लागते. पुस्तक वाचायला अक्षरओळख लागते. नाण्याला काही लागत नाही. मुंग्या येईपर्यंत मुठीत धरलं तरी ते तसंच राहतं. आणि त्यावर देशाचं नाव असतं. ज्यांना या देशाच्या मैदानांनी बारा वर्षं आत येऊ दिलं नाही, त्यांच्या नावाच्या शेजारी त्याच देशाचं नाव कोरलेलं असणं, याचं मोल अण्णांसारख्या माणसाला पटकन कळतं.

रॉबिन्सनचं नाणं निघालेलं आहे. १९९६ च्या कायद्याने, पदार्पणाच्या पन्नाशीनिमित्त, १९९७ मध्ये. चांदीचा एक डॉलर आणि सोन्याचे पाच डॉलर. चांदीचा डॉलर मी मुलासाठी एका नाणे-प्रदर्शनात विकत घेतला. प्लॅस्टिकच्या गोल डबीत असतो, उघडायचा नाही. छाप्यावर रॉबिन्सन घसरत घरच्या प्लेटकडे झेपावतोय, सगळं शरीर जमिनीला समांतर. दिव्याखाली तिरका धरला की गुडघ्याजवळच्या विजारीच्या चुण्या दिसतात. मुलगा तो डॉलर कितीतरी वेळ वळवून वळवून बघत होता. मग म्हणाला, "हा खरा पैसा आहे?" हो म्हटलं. कायद्याने तो एक डॉलरच आहे.

२०२२ मध्ये नीग्रो लीग्जच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या बेसबॉल लीगच्या, शताब्दीची नाणी आली. १३ फेब्रुवारी १९२० ला कॅन्सस सिटीच्या पासेओ वायएमसीएमध्ये रूब फॉस्टरच्या पुढाकाराने नीग्रो नॅशनल लीगची स्थापना झाली, त्याची ती आठवण. त्यातल्या एका नाण्यावर खेळाडूंची बस आहे. हॉटेलं दार उघडायची नाहीत म्हणून खेळाडू जिच्यात झोपायचे, जेवायचे, ती बस. ही नाणी मला फार आवडतात, कारण त्यांत फक्त विजय नाही, जगणंही आहे. आपल्या न्यू जर्सीच्या पॅटरसनमध्ये वाढलेला लॅरी डोबी रॉबिन्सननंतर अवघ्या अकरा आठवड्यांनी क्लीव्हलंडकडून खेळला. त्याला काँग्रेसने सुवर्णपदक दिलं, तो कायदा २०१८ चा. टेनिसच्या अल्थिया गिब्सनचं नाव २०२५ मध्ये क्वार्टरवर, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्यावर आलं, आणि क्वार्टर तर सगळ्यांच्या खिशात असतो.

फुटबॉलच्या चौघांची आठवण मात्र अजून कुठल्याही नाण्यावर नाही. ज्या खेळासाठी हा देश रविवारी दुपारी घराबाहेर पडत नाही, त्या खेळाची ही गोष्ट.

केनी वॉशिंग्टन लॉस एंजेलिसच्या लिंकन हाय स्कूलचा मुलगा. १९३९ मध्ये यूसीएलए विद्यापीठाच्या संघात तो, वुडी स्ट्रोड आणि जॅकी रॉबिन्सन एकत्र खेळले. हो, तोच रॉबिन्सन. तेव्हा चेंडू असायचा केनीच्या हातात, आणि देशभरातल्या कॉलेज खेळाडूंमध्ये सर्वांत जास्त यार्ड त्या हंगामात त्याच्या नावावर लागले. पुढच्या हंगामासाठी एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या मुख्य लीगच्या, संघांनी कॉलेजच्या मुलांची निवड केली तेव्हा एकाही संघाने त्याचं नाव घेतलं नाही. लेखी नियम नव्हता. मालकांचं आपसात ठरलेलं होतं. केनी पॅसिफिक किनाऱ्यावरच्या छोट्या लीगमध्ये खेळत राहिला, त्याचे गुडघे झिजले, शस्त्रक्रिया झाल्या. उमेदीची सहा वर्षं अशी गेली.

आणि मग १९४६ मध्ये दार उघडलं. ते कसं उघडलं, यावर माझं सगळं पत्र उभं आहे.

क्लीव्हलंडचा रॅम्स संघ लॉस एंजेलिसला यायला निघाला होता. खेळायला त्यांना तिथलं कोलिझियम स्टेडियम हवं होतं. कोलिझियम लोकांच्या पैशाने बांधलेलं, लोकांच्या पैशाने चालणारं. जानेवारीत कोलिझियमच्या आयोगापुढे बैठक होती. लॉस एंजेलिस ट्रिब्यूनचा क्रीडा संपादक हॅली हार्डिंग तिथे उभा राहिला. तो स्वतः कृष्णवर्णीय, स्वतः खेळाडू. त्याचं म्हणणं सरळ होतं. हे मैदान करदात्यांचं आहे, त्यात कृष्णवर्णीय करदातेही आहेत. ज्या संघात त्यांना जागा नाही, त्या संघाला हे मैदान का द्यायचं? कृष्णवर्णीय वृत्तपत्रांनी हा प्रश्न लावून धरला. रॅम्सच्या व्यवस्थापनाला केनी वॉशिंग्टनला संधी द्यायचं कबूल करावं लागलं. २१ मार्च १९४६ ला केनीने करारावर सही केली. मे महिन्यात स्ट्रोडनेही केली.

म्हणजे कुणा मालकाला रात्री झोपेत पश्चात्ताप झाला म्हणून हे झालं नाही. एका पत्रकाराने सार्वजनिक मैदानावर सार्वजनिक हक्क सांगितला म्हणून झालं. सोळा वर्षांनी हेच पुन्हा घडलं. वॉशिंग्टन शहराच्या संघाचा मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल शेवटपर्यंत अडून बसला होता. पण त्याला खेळायचं होतं ते नवं स्टेडियम संघराज्य सरकारच्या जमिनीवर होतं. केनेडींच्या मंत्रिमंडळातले जमिनी आणि नैसर्गिक संपत्ती सांभाळणाऱ्या खात्याचे मंत्री स्टुअर्ट युडाल यांनी त्याला बजावलं, की भेदभाव चालू ठेवलात तर हे मैदान मिळणार नाही. १९६२ मध्ये बॉबी मिचेल त्या संघातून खेळला. जमीन लोकांची, म्हणून दारही लोकांचं. टांकसाळही लोकांचीच आहे. म्हणून या गोष्टीला कुठल्या क्लबचं मानचिन्ह पुरत नाही, काँग्रेसने कायदा करून पाडलेलं नाणं हवं.

मोटली आणि विलिस ऑगस्ट १९४६ मध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सकडे आले. ती लीग वेगळी, तेव्हाची नवी. बिल विलिस ओहायो स्टेटचा, बचावफळीतला. चेंडू हलताच तो समोरच्याच्या अंगावर असायचा. मॅरियन मोटली कॅन्टन गावात वाढला, जिथे आज फुटबॉलचं हॉल ऑफ फेम आहे. अंगाने दांडगा आणि तरी वेगवान. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्राउन्सचा मायामीला सामना होता. फ्लोरिडात गोरे आणि कृष्णवर्णीय एका मैदानात खेळू शकत नव्हते. धमक्याही आल्या होत्या. संघ गेला, हे दोघं घरी राहिले. मी कधीकधी त्या दिवसाचा विचार करते. आपला संघ आपल्याशिवाय खेळतोय आणि आपण घरात बसलोय. ब्राउन्स त्या वर्षी विजेते ठरले, पुढची तीन वर्षंही. त्या विजेतेपदांत या दोघांचा घाम आहे.

केनी रॅम्ससाठी तीनच हंगाम खेळला. गुडघे साथ देत नव्हते, तरी १९४७ मध्ये शिकागो कार्डिनल्सविरुद्ध तो एकदा ९२ यार्ड धावत सुटला. स्ट्रोडला रॅम्सने एका हंगामानंतर सोडलं. तो कॅनडात गेला, तिथे जिंकला, पुढे चित्रपटांत नट झाला. एनएफएलमधलं ते वर्ष आपल्या आयुष्यातलं सर्वांत वाईट वर्ष, असं तो पुढे सांगायचा. मोटली आणि विलिस हॉल ऑफ फेममध्ये आहेत. मोटलीला निवृत्तीनंतर प्रशिक्षक व्हायचं होतं, त्याला कुणी नेमलं नाही. २०२२ मध्ये हॉल ऑफ फेमने चौघांचा मिळून एक सन्मान केला, तेव्हा चौघांतलं कुणीही हयात नव्हतं.

आता एका शब्दाबद्दल, कारण नाण्यावर जागा फार थोडी असते आणि तिथे चुकीचा शब्द कोरला तर तो शंभर वर्षं तसाच राहतो.

या चौघांना 'पहिले' म्हणू नये. माझ्या मुलाने हे मला दाखवून दिलं. शाळेच्या प्रकल्पासाठी तो यादी करत होता. म्हणाला, "आई, १९२० मध्येच फ्रिट्झ पोलार्ड होता." खरंच होता. अॅक्रनचा संघ १९२० मध्ये विजेता झाला तेव्हा पोलार्ड त्यात होता, आणि पुढच्याच वर्षी तो संघाच्या प्रशिक्षकपदीही होता. १९३३ पर्यंत डझनभर कृष्णवर्णीय खेळाडू या लीगमध्ये खेळून गेले. मग मालकांनी दार लावलं आणि १९४५ पर्यंत बंद ठेवलं. बेसबॉलमध्येही तेच. मोझेस फ्लीटवुड वॉकर १८८४ मध्येच मोठ्या लीगमध्ये खेळला होता. म्हणजे हे लोक बाहेरचे नव्हते. आतले होते, त्यांना बाहेर काढलं होतं. 'प्रवेश' म्हटलं की यजमानाचा मोठेपणा दिसतो. 'पुनःप्रवेश' म्हटलं की आधी काय झालं ते विचारावं लागतं. कायद्याच्या मसुद्यात आणि नाण्यावर हा दुसरा शब्द यावा, आणि हॅली हार्डिंगचं नाव कायद्याच्या प्रास्ताविकात तरी यावं, अशी माझी मागणी आहे. प्रास्ताविकात घटना नोंदवण्याची इथे रीतच आहे.

कायदा कसा होतो, हे मला माहीत नव्हतं, तुमच्यापैकी अनेकांना नसेल. इथे कुठलंही स्मारक नाणं काढायला काँग्रेसचा स्वतंत्र कायदा लागतो. वर्षाला अशा दोनच मालिका निघू शकतात. नव्वदच्या दशकात इतकी नाणी निघाली की कुणी घेईना, म्हणून ही मर्यादा आली. रॉबिन्सनचं सोन्याचं नाणं एक लाखांपर्यंत पाडायची परवानगी होती, त्याच्या साध्या प्रकारातली जेमतेम ५,१७४ विकली गेली. हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह्जमध्ये अशा विधेयकाला ४३५ पैकी २९० सदस्य सहप्रस्तावक म्हणून मिळाल्याशिवाय समिती ते हातात घेत नाही. सिनेटमध्ये १०० पैकी ६७. एवढ्या सह्या एका पक्षाच्या बळावर होतच नाहीत. दोन्ही बाजूंचे लोक हवेत. कायदा झाला की मग कलाकार आराखडे काढतात, नाण्यांसाठीची नागरिकांची सल्लागार समिती आणि ललित कला आयोग ते तपासतात, आणि मग टांकसाळ. नीग्रो लीग्जची शताब्दी २०२० ला होती, कायद्यावर सही त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये झाली, नाणं हातात आलं २०२२ ला. आणि दोन वर्षांची काँग्रेस संपली की न झालेलं विधेयक तिच्याबरोबर संपतं. आत्ताची काँग्रेस ३ जानेवारी २०२७ ला संपते. म्हणजे पहिल्या झटक्यात होईल अशी आशा मी धरलेली नाही. पण आत्ता नावं पडली, तर पुढच्या वेळी सुरुवात शून्यापासून होणार नाही.

करदात्यांवर याचा बोजा पडत नाही. नाणं दर्शनी किमतीपेक्षा महाग विकलं जातं आणि त्यावर अधिभार असतो. सोन्याच्या पाच डॉलरवर ३५ डॉलर, चांदीच्या डॉलरवर १०, अर्ध्या डॉलरवर ५. टांकसाळीचा सगळा खर्च वसूल झाल्यावरच ही रक्कम कायद्यात नेमलेल्या संस्थेला मिळते, आणि त्या संस्थेला तेवढीच रक्कम खासगी देणग्यांतून उभी करावी लागते. ही संस्था कुठली असावी, यावर माझं मत असं, की पैसा पुन्हा मुलांकडे जावा. चौघांच्या गावातल्या सार्वजनिक शाळांची मैदानं आज कशी आहेत, ते आधी बघावं.

स्मारक नाणं खिशात फिरत नाही, हे खरं आहे. अण्णांना टपरीवर रुपया मिळाला तसं ते मिळणार नाही. हे मला लागतं. पण २०२७ पासून २०३० पर्यंत क्वार्टरवर मुलांचे खेळ येणार आहेत, तसा कायदा झालेला आहे. त्या मालिकेचे आराखडे ठरतानाही सल्लागार समितीला आपण लिहू शकतो, की खेळ दाखवताना तो कुणाकुणाला खेळू दिला नाही हे विसरू नका. नागरिकांचं म्हणणं ही समिती ऐकून घेते.

आता तुम्ही म्हणाल, यात आपलं काय?

हा प्रश्न मला एका मंडळाच्या बैठकीत विचारला गेला. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. "आपण आपल्या सणांचं बघू, हे त्यांचं ते बघतील." मी तिथे नीट बोलू शकले नाही, घसा दाटून आला. ते उत्तर आज इथे लिहिते.

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या माणसांना. गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या इथल्या सदाचारी लोकांच्या सन्मानार्थ. आपल्या शूद्र बांधवांची सुटका करायला आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवावा, अशी त्यांची इच्छा होती. पुण्यात बसून त्यांना हे 'त्यांचं' वाटलं नाही.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले. माझ्या घरापासून नदी ओलांडली की कोलंबिया. १९४६ च्या जुलैमध्ये, म्हणजे केनी वॉशिंग्टनने सही केली त्यानंतर चारच महिन्यांनी, त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. भारतातल्या अस्पृश्यांची स्थिती आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची स्थिती यांत इतकं साम्य आहे की त्यांच्या प्रश्नाचा अभ्यास आपल्याला आवश्यक आहे, असं त्यांनी कळवलं. ड्यू बॉइस यांनी त्याच महिन्यात आपुलकीने उत्तर दिलं. तेच वर्ष. मला त्या सालाबद्दल विशेष प्रेम आहे ते यासाठीही.

आणि मैदानाचं म्हणाल, तर क्रिकेटपटू पालवणकर बाळूंना आठवा. पुण्यात इंग्रजांच्या क्लबच्या मैदानावर महिना चार रुपयांवर खेळपट्टी बघणारा, साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणारा चर्मकार घरातला मुलगा. हिंदूंच्या संघाने त्याला घेतलं कारण त्याच्याशिवाय जिंकता येईना. मैदानात सगळे त्याने टाकलेल्या चेंडूला हात लावायचे. चहाच्या वेळेला मात्र त्याला बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. हिंदूंच्या संघाचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये. ते सहज दिलं गेलं नव्हतं, त्यासाठी भावांना आधी संघाबाहेर पडून निषेध करावा लागला होता. अण्णा ही गोष्ट सांगायचे तेव्हा हातातला कप खाली ठेवायचे. मोटली आणि विलिस मायामीच्या सामन्याच्या दिवशी घरी बसले होते, हे वाचलं तेव्हा मला मातीचं ते भांडंच दिसलं.

आपण इथे आहोत तेही ज्या लढ्यामुळे, तो लढा आपण लढलो नाही. १९६५ पर्यंत भारतासारख्या देशांतून इथे येणाऱ्यांना वर्षाला शंभरच्या आसपास जागा होत्या. नागरी हक्कांची चळवळ रस्त्यावर होती, १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला, ऑगस्ट १९६५ मध्ये मतदान हक्काचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला वंशावर आधारलेला कोटा मोडणाऱ्या स्थलांतर कायद्यावर सही झाली. मंडळांचे पहिले गणपती, पहिले दिवाळी अंक, पहिल्या एकांकिका त्यानंतरच्या. मार खाल्ला कृष्णवर्णीयांनी आणि त्यातून उघडलेल्या दारातून आलो आपण. केनी वॉशिंग्टनच्या गुडघ्यांचंही त्यात काही देणं आहे, असं मी मानते.

मंडळांना राजकारण नको असतं, हे मी समजू शकते. पण कुठल्या उमेदवाराचा प्रचार करणं वेगळं आणि एखाद्या विधेयकाला पाठिंबा कळवणं वेगळं. धर्मादाय संस्थांना पहिलं करता येत नाही, दुसरं मर्यादेत राहून करता येतं. आणि मंडळाने काही केलं नाही तरी सभासद नागरिक आहेतच. कोजागरीला दूध आटेपर्यंत दहा जणांनी दहा फोन केले, तरी एका मतदारसंघापुरतं काम झालं. एकट्या न्यू जर्सीत बारा मतदारसंघ आहेत. टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात, इलिनॉयमध्ये, मिशिगनमध्ये आपली माणसं दोन्ही पक्षांच्या मतदारसंघांत विखुरलेली आहेत. २९० च्या आकड्यासाठी असंच विखुरलेलं असावं लागतं.

म्हणून एवढं करा. आपल्या हाउस सदस्याच्या आणि दोन्ही सिनेटरांच्या कार्यालयात फोन करा. सांगा, की १९४६ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधला वर्णभेद मोडणाऱ्या चार खेळाडूंच्या स्मारक नाण्याचं विधेयक मांडा, आणि दुसऱ्या कुणी मांडलेलं असेल तर त्यावर आपलं नाव घाला. चौघांची नावं घ्या. 'पुनःप्रवेश' हा शब्द वापरा. तुम्ही मराठी आहात आणि हे का सांगताय असं कुणी विचारलं, तर फुले, आंबेडकर, बाळू यांच्यापैकी ज्यांच्याबद्दल बोलता येईल त्यांच्याबद्दल बोला. मुलांना शेजारी बसवून फोन केलात तर आणखी चांगलं. मी पहिला फोन केला तेव्हा मुलगा कागदावर चार नावं लिहून माझ्यासमोर धरून बसला होता, कारण घाबरल्यावर मी नावं विसरते हे त्याला माहीत आहे.

पलीकडे बहुतेक एखादी तरुण मुलगी किंवा मुलगा असतो. तुमचं म्हणणं ऐकून घेतात, नाव विचारतात, मतदारसंघातलेच आहात ना हे बघायला झिपकोड विचारतात आणि टिपून ठेवतात. दोन-तीन मिनिटं लागतात.

आपली,
जर्नल स्क्वेअरजवळ राहणारी एक मराठी नागरिक